घाटघर स्टेशन मी जाळलं

ही हकीकत मी सोळा वर्षं टाळत आलो. या काळात छायाचित्रणावर चार ठिकाणी व्याख्यानं दिली, जुन्नरच्या त्या छोट्या आगगाडीचे फोटो मोठे करून दिवाणखान्यात लावले, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवले. पुढं त्या गाडीचं काय झालं असं कुणी विचारलं, की ‘जळाली बिचारी’ म्हणून चहा मागवायचो. जणू ती आपली आपण जळाली. आता मी शहात्तर वर्षांचा आहे. गेल्या हिवाळ्यात दोन दिवस जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जाऊन आलो, त्या प्रवासाबद्दल हे लिहितो आहे. धुकं, डोंगर, किल्ले यांचं वर्णन ज्यांना हवं आहे त्यांनी दुसरं काही वाचावं. माझं डोकं तिथं बहुतेक वेळ तापलेलं होतं.

आधी काय जळालं ते सांगतो. या दोन तालुक्यांत रेल्वे नाही. येणार, येणार हे ऐकत तिथली एक पिढी म्हातारी झाली. शेवटी काही हौशी मंडळींनी एक क्लब काढला आणि स्वतःची रेल्वे बांधली, लाकडी फळ्यांवर, वीस फूट लांब. इंग्रजांनी इकडं रेल्वे आणली असती तर ती कशी दिसली असती, या कल्पनेवर सगळं उभं केलेलं. वीतभर लांबीची वाफेची इंजिनं, मंचर, नारायणगाव, जुन्नर अशी स्टेशनं, आणि शेवटचं स्टेशन घाटघर, नाणेघाटाच्या तोंडाशी. जुन्नरच्या बाजारपेठेमागं एका गोदामात हा संसार मांडला होता. पुण्याच्या एका मासिकासाठी मी त्याचे फोटो काढायला गेलो होतो.

रूळ जोडणं, सिग्नल उभारणं, इंजिनाचा पत्रा वाकवणं ही कामं एकच माणूस करायचा. इकबालभाई. बाजारात त्याचं स्टोव्ह, कंदील आणि दुधाच्या कॅन दुरुस्तीचं दुकान होतं. क्लबचे बाकी सभासद शिक्षक, डॉक्टर, बागायतदार. ते कल्पना काढायचे आणि इकबालभाई ती पत्र्यात उतरवायचा. छत्रीच्या काड्यांचे सिग्नल, तेलाच्या डब्याचं छप्पर. घाटघर स्टेशन तर सगळं त्याचंच. रुळांना सोल्डरचा डाग देऊन झाला की तो आधी भिंतीतून सोल्डरिंगची पिन, म्हणजे प्लग, काढायचा आणि गरम सोल्डरिंगच्या शेजारी एका फुटक्या कौलावर ती आडवी ठेवायचा, येणाऱ्याला लांबूनच दिसावी अशी. त्या दिवशीही त्यानं ती तशीच ठेवली आणि तो घरी गेला. मी तिथंच होतो. मी पाहिलं.

त्यानंतर मी एक उद्योग केला. असल्या मांडणीचे फोटो काढताना कॅमेरा रुळांशी टेकवून, त्या इंचभर माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा लागतो, म्हणजे खेळणं खरं वाटतं. पण धूर नसला तर वाफेचं इंजिन मेलेलं दिसतं. मी डब्याच्या झाकणावर धूप पेटवला, वर कापूस पिंजून ठेवला आणि ते झाकण घाटघरच्या बोगद्यात आत सरकवलं. धूर सुंदर निघाला. अकरा फोटो काढले. मग क्लबच्या अध्यक्षांच्या जवळच्याच घरून दुपारच्या जेवणाचं बोलावणं आलं, मी कॅमेरा आवरला आणि निघालो. झाकण बोगद्यातच राहिलं. तो डोंगर पोत्याचा, थर्माकोलचा, गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. आम्ही मासवडीचा दुसरा घास घेत होतो तेव्हा कुणीतरी ओरडत आलं. कुणाला इजा झाली नाही. मांडणी मात्र गेली, नारायणगावचा अर्धा भाग आणि काही सिग्नल तेवढे वाचले. पाणी मारणाऱ्यांच्या घोळक्यातूनच आवाज आला, “इकबालनं सोल्डरिंग चालू ठेवलं असणार.” मी ऐकलं. मी काही बोललो नाही. संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला आलो.

घोडेगाव

क्लब आता आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला आहे. अध्यक्ष तेच, थोरात सर; मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर ते जुन्नर सोडून इथं आले आणि त्यांनी घरामागच्या शेडमध्ये नवी मांडणी उभी केली आहे. तिची स्मरणिका काढायची होती, फोटो मीच काढावेत असा त्यांचा आग्रह. आधीच्या आगीवरही त्यात एक पान आहे, हे त्यांनी फोनवर सांगितलं, आणि त्याच पानासाठी मी गेलो. छापलेलं पुसता येत नाही. छापण्याआधी खरं सांगायचं असं ठरवून निघालो होतो.

पहिला अपघात मंचरच्या स्टँडवर. ट्रायपॉडची पिशवी एसटीतच राहिली आणि गाडी नाशिककडं निघून गेली. पुण्यात मी हळहळत घरी परतलो असतो. इथं चहावाल्यानं मला बसवलं, कंडक्टरच्या ओळखीच्याला फोन लावला आणि तासाभरात पिशवी उलट्या गाडीतून परत आली. चहाचे पैसे घेईना. “पावणं हायेत तुमी,” म्हणाला. तेव्हा मला हा शब्द गोड वाटला.

नवी मांडणी भव्य आहे, हे कबूल करतो. इंजिनं परदेशातून मागवलेली, चिमणीतून आपोआप धूर सोडणारी. मी गुडघे टेकून बसलो (उठवायला दोघं लागले) आणि भिंगातून बघत गाडीबरोबर मंचर, नारायणगाव, जुन्नर करत गेलो. जुन्नरला रूळ संपले. पुढं भिंत.

“घाटघर कुठं आहे?” मी विचारलं.

“नाही घेतलं,” थोरात सर म्हणाले. “त्या बाजूला आठवणीच वाईट.”

नारायणगावच्या फलाटाजवळ मात्र छत्रीच्या काड्यांचे सहा सिग्नल उभे होते. नव्यानं रंगवलेले. शेजारी पाटी: मंडळाच्या सभासदांनी तयार केलेले.

तेवढ्यात शिंदेमामांनी डबे रुळांवर चढवले. हे खऱ्या रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, ऐंशी वर्षांचे, आवाज अजून भोंग्यासारखा. त्यांनी पलीकडच्या तरुण सभासदाला हाक मारली, “ए, त्या सोल्डरिंगचं बटान बंद केलं का? का इकबाल केलास?”

सगळे हसले. मी विचारलं, हे काय?

“आवो, हितं तसंच म्हंत्यात,” शिंदेमामा म्हणाले. “कुनी काय चालू ठिवलं, पंखा म्हना, मोटार म्हना, की इकबाल केला म्हनायचं. आता तर माजी नातवंडं बी म्हंत्यात. त्यान्ला म्हाईत बी न्हाई इकबाल कोन व्हता.”

पुन्हा हशा झाला. आणि मीही हसलो. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण या प्रवासात मला सर्वांत जास्त राग त्या हसण्याचा आला. एका माणसाचं नाव त्यांनी वेंधळेपणाला दिलं होतं, आणि ज्याच्यामुळं दिलं तो मी त्यांच्यात बसून दात काढत होतो.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा थोरात सरांनी स्मरणिकेचं ते पान वाचायला दिलं. ‘एका कारागिराच्या निष्काळजीपणामुळे’ अशी सुरुवात होती. मी पान खाली ठेवलं आणि सांगितलं. धूप, कापूस, झाकण, बोगदा, सगळं.

थोरात सरांनी चष्मा काढून पुसला. “मला माहीत आहे,” ते म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“दुसऱ्या दिवशी राख उपसताना झाकण मलाच सापडलं. बोगद्याच्या जागी. त्यावर धुपाचा गोळा चिकटलेला.”

“मग बोलला का नाहीत?”

“कसं बोलणार?” त्यांना माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. “तुम्ही पाहुणे होता. आमच्या बोलावण्यावरून आलेले, माझ्या घरी पानावर बसलेले. पाहुण्यावर आळ घ्यायचा? आमच्यात नाही बसत ते. इकबाल घरचाच होता. घरच्या माणसाला चार शब्द ऐकवता येतात.”

हा माणूस दुष्ट नाही. त्या घरात त्या वेळीही मला गरम भाकरी वाढली जात होती. पण पाहुण्याचं पान राखायला त्यांनी घरचा माणूस चुलीत घातला, आणि त्याला घरचा म्हणतात.

“हे पान बदला,” मी म्हणालो. “खरं लिहा.”

“त्यापेक्षा पानच काढून टाकू. विषय नको.”

“म्हणजे इकबालभाई मुळात नव्हताच, असं?”

“खरं लिहिलं तर माझंही नाव येतं, साहेब.” एवढं बोलून त्यांनी मला आणखी रस्सा घ्या म्हटलं.

मी घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी भरल्या पानावरून उठलो. आवाज चढला होता, काय काय बोललो ते आठवत नाही. शेवटचं आठवतं: “माझे फोटो तुम्हाला मिळणार नाहीत.” सरांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. त्यांना वाटलं, मीठ कमी पडलं.

जुन्नर

सकाळी जुन्नरला उतरलो. इकबालभाईच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकलेली. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात एक म्हातारी बसली होती, हमीदाचाची. काय हवं ते विचारण्याआधी तिनं स्टूल पुढं केलं आणि चहा सांगितला. आमच्याकडं पुण्यात आधी ‘कोण पाहिजे?’ असतं आणि मग दार अर्धं उघडतं. चहा पोटात गेल्यावर मी इकबालभाईचं नाव काढलं.

“तुमी कोन त्याचे?”

“जुनी ओळख. क्लबमधली.”

तिनं हातातली बांगड्यांची पेटी खाली ठेवली. “मंग आता आलात व्हय? त्याला उटवला तवा कुटं व्हते समदे?”

“उठवला म्हणजे?”

“उटवलाच की. कुनी हात धरून न्हाई काडला, पन काम द्यायचं बंद झालं. बाया म्हनायच्या, ह्याच्याकडं स्टो दिला तर घर पेटंल. लहानपनापासून आगीशी खेळनारा मानूस तो, कदी बोट भाजलं नव्हतं त्याचं. आन ते तुमचं थोरात मास्तर, रोज हितून जायचं, पन दुकानाकडं मान न्हाई वळवायचं.” ती थांबली. “बायको गेली त्याची त्याचाच घोर करत. आता आळेफाट्याला हाय, लेकीबरोबर. टरकांचे रेडेटर करतो.”

मी उठलो. पैसे द्यायला गेलो तर म्हणाली, “चहाचं काय घेऊन बसलात. जाऊन भेटा त्याला. आन भेटून काय करायचं ते नीट करा.”

कॅमेरा गळ्यात होता. पेठेतल्या जुन्या दारांवर ऊन फार चांगलं पडलं होतं. एकही फोटो काढावासा वाटला नाही.

आळेफाटा

ओतूरमार्गे जीपनं गेलो. पिंपरी पेंढारच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं उसात बिबट्या दिसला म्हणून माणसं रस्त्यावर गोळा झाली होती. शेजारी बसलेल्या एका बाईच्या हातात विळा होता आणि मांडीवर कोथिंबिरीच्या जुड्या. “त्याला काय, त्यो बी पोटासाठीच फिरतोय,” ती म्हणाली, “पन कुनी दिसला म्हनलं की समदा ऊस त्याचाच वाटाया लागतो.” पाऊण तास गेला. बिबट्या काही निघाला नाही. मला बरंच वाटत होतं, उशीर होतोय म्हणून.

आळेफाटा म्हणजे चारही बाजूंनी ट्रक, हॉटेलं, टायरवाले, हॉर्न. एका गाळ्यावर पाटी: रेडिएटर रिपेअरिंग. आत एक तिशीची बाई, ओढणी कमरेला खोचलेली, गॅसच्या ज्योतीनं तांब्याच्या जाळीला डाग देत होती. तिच्यामागं पाण्याच्या टाकीवर वाकलेला एक म्हातारा. रेडिएटर पाण्यात बुडवून त्यात हवा भरलेली, आणि बुडबुडा कुठून येतो ते तो बघत होता. मी दारात उभा राहिलो, तसं त्यानं न बघताच एक बोट वर केलं. थांबा. बुडबुडा सापडला, खडूनं खूण केली, मग त्यानं मान वर केली.

“फोटोवालं सायेब!” इकबालभाई म्हणाला. “लई वाळलात की राव! रेहाना, खुर्ची पूस. हे पुन्याचं सायेब, माज्या घाटघरचं फोटो काडनारं.”

मला वाटलं होतं, तो ओळख दाखवणार नाही. त्यानं माझे दोन्ही हात धरले. मासवडीचं ताट मागवलं, नको म्हटलं तरी. इथली मासवडी बेसनाचीच, पण पुण्यात मिळते तशी मऊ नाही; आत तीळखोबरं खरपूस, रस्सा नाकातोंडातून पाणी काढणारा. मी खाली मान घालून खात राहिलो. तो समाधानानं बघत होता.

“घाटघरचा फोटो हाय का अजून?” त्यानं विचारलं.

“आहे. घरी भिंतीवर आहे.”

“अगं, ऐक, भिंतीवर हाय!”

रेहाना ज्योत बंद करून आली. “अब्बा, पावण्यांला खाऊ तरी द्या.” मग मला म्हणाली, “तुमी आलात बरं झालं. जुनं कुनी येतच न्हाई. यान्ला जरा समजवा. दुकान बंद करून घरी जात्यात आन तीन तीनदा माघारी येत्यात, शिलिंडर बंद हाय का बघाया. मी सोता बंद केलेला असतो. तरी येत्यात. पावसात बी.”

“गप ए,” इकबालभाई म्हणाला, पण हसला नाही. त्यानं हात पुसले आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं. “सायेब, एक इचारू? लई दिसांचं मनात हाय. तुमी त्या दिशी तितं व्हता. मी पिन काडली व्हती का?”

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता.

“मला याद हाय की काडली,” तो म्हणाला. “आसं हातानं काडली. पन समदे म्हनले न्हाई काडली. थोरात सर बी गप ऱ्हायलं. यवढी शिकलेली मान्सं एकच बोलत्यात, मंजी माजंच चुकलं आसंल. मंग माजं मलाच कळंना झालं, काडली का काडल्यावानी वाटतंय.”

“काढली होती,” मी म्हणालो. “मी डोळ्यांनी पाहिली. कौलावर आडवी ठेवली होती.”

“नक्की?”

“नक्की.”

तो लेकीला म्हणाला, “ऐकलंस? सायबांनी बगितली व्हती.” त्याच्या चेहऱ्याचं वर्णन मी करू शकत नाही, आणि करायचा मला अधिकारही नाही.

रेहाना माझ्याकडं बघत होती. “मग तवा का न्हाई बोललात?”

बरोबर प्रश्न होता. सोळा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला होता. मी तोंड उघडलं, आणि माझ्याआधी इकबालभाईच बोलला. “अगं, ते तवाच पुन्याला गेलं व्हतं. मागं कुनी काय नाव घेतलं ते त्यान्ला कुटून कळनार?”

त्यानं मला वाट करून दिली. आणि मी त्या वाटेनं गेलो. “हो,” मी म्हणालो. “मला फार उशिरा कळलं.”

“मंग आग कशानं लागली आसंल?” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

“वायरिंग जुनं होतं,” मी म्हणालो.

थोरात सरांसमोर मला सगळं बोलता आलं होतं. पान टाकून उठलो होतो, ओरडलो होतो, स्वतःला फार खरा समजलो होतो. तिथं गमावण्यासारखं काही नव्हतं. इथं माझे दोन हात धरणारा माणूस होता, आणि ते हात सुटतील या भीतीनं मी पुन्हा खोटं बोललो. आधी निदान गप्प तरी बसलो होतो.

निघताना तो रस्त्यापर्यंत आला. छातीवर हात ठेवून म्हणाला, “तुमी आज लई मोटं काम केलंत.” रेहाना गाळ्याच्या दारात उभी होती. तिनं निरोपाचा हात केला नाही. तिला कळलं असावं.

स्टँडवर पुण्याच्या दोन गाड्या सोडल्या. दोनदा उठून दुकानाच्या दिशेनं चालत गेलो, टायरवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत. तिसरी गाडी आली आणि मी तिच्यात चढलो.

स्मरणिकेतून ते पान काढलं गेलं, असं कळलं. इकबालभाई त्यात कुठंच नाही. म्हणून हे लिहिलं. क्लबच्या सभासदांनी वाचावं, शिंदेमामांच्या नातवंडांना कुणीतरी वाचून दाखवावं. तुम्हाला घरात पंखा चालू दिसला तर तुम्ही माझं नाव घ्या. आणि रेहाना, तू हे वाचशील तेव्हा खालचं तुझ्या वडिलांना वाचून दाखव, कारण समोर बसून मला ते म्हणता आलं नाही, आणि पुन्हा तिथं येण्याची हिंमत होईल असं आता मला वाटत नाही.

इकबालभाई, वायरिंग जुनं नव्हतं. बोगद्यात धूप मी पेटवला होता, धुरासाठी, आणि तो तसाच ठेवून मी जेवायला गेलो. तुमचं नाव घेतलेलं मी त्याच दिवशी, तिथं उभा राहून ऐकलं. तुम्ही काही विसरला नव्हता. दुकान, गाव, घरातलं माणूस, सगळं तुमचं गेलं, आणि माझं काहीच गेलं नाही. तुमच्या ताटात जेवूनही मी खोटं बोललो. माझं चुकलं, इकबालभाई.